ज्यूरी ड्यूटीचे दोन आठवडे आणि मध्येच बरखास्त झालेली ज्यूरी

हे लिहायला मी मुद्दाम थांबले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात त्या कोर्टात, मी ज्यूरर होते, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांपैकी एक. जो खटला आमच्यापुढे सुरू झाला तो आमच्यापुढे संपलाच नाही. पुढे दुसऱ्या ज्यूरीसमोर तो पुन्हा चालला, त्याचा निकाल लागला, आणि मगच मी लिहायला बसले. कोर्टाचं नाव, गुन्ह्याचा तपशील, माणसं यांतलं काही इथे येणार नाही. ज्यूरीच्या चर्चेत कोणी कोणतं मत मांडलं हे बाहेर सांगणं तर १९७४ च्या ज्यूरीज ॲक्टखाली गुन्हाच आहे. खुल्या कोर्टात जे सगळ्यांसमोर घडलं आणि त्यामागे जी रीत असते, तेवढंच सांगते. ओळखीतल्या तिघा-चौघांना गेल्या वर्षभरात समन्स आलं आणि प्रत्येकाचे प्रश्न तेच होते.

पहिला प्रश्न असतो, ‘माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, मला कसं बोलावलं?’ ज्यूरीची नावं मतदारयादीतून चिठ्ठीसारखी निघतात. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, आणि नाव नोंदलं की तुम्ही ज्यूरीच्या यादीतही आलात. वय १८ ते ७५, आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर किमान ५ वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य, एवढं पुरतं. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, तिथे ज्यूरीच १५ जणांची.

माझं समन्स मार्चमध्ये आलं, मे महिन्यातल्या तारखेचं. उत्तर ७ दिवसांत द्यायचं असतं, ऑनलाइन किंवा टपालाने. दुर्लक्ष केलं किंवा ठरल्या दिवशी गेलात नाही, तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मेमध्ये पुण्याची तिकिटं काढून झाली होती, म्हणून तारीख पुढे मागितली. त्यासाठी कारण लिहायचं आणि पुढच्या १२ महिन्यांतल्या आपल्या सोयीच्या तीन तारखा द्यायच्या. तिकिटांची प्रत सोबत जोडली, मंजुरी आली, नवी तारीख मिळाली ११ सप्टेंबर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तारीख एकदाच पुढे ढकलता येते. धार्मिक सण हे तारीख पुढे मागायला चालणारं कारण आहे, पण ती एकमेव संधी मी तिकिटांसाठी वापरून बसले होते. २०२३ ची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, म्हणजे बरोबर माझ्या दुसऱ्या आठवड्यात. तीन तारखा देताना ऑफिसच्या सुट्ट्यांबरोबर कालनिर्णयही समोर ठेवा.

घरात इंग्रजी फारसं न येणारे आई-वडील किंवा सासू-सासरे असतील आणि त्यांच्या नावाने समन्स आलं, तर घाबरू नका, पण कागद बाजूला टाकूनही देऊ नका. खटला समजण्याइतकं इंग्रजी येत नाही हे उत्तरातच स्पष्ट लिहा आणि सूट मागा. ते कोर्टापर्यंत गेलेच आणि तिथे अडचण लक्षात आली, तर न्यायाधीश त्यांना मोकळं करू शकतात, तशी कायद्यात तरतूद आहे. उत्तर मात्र गेलंच पाहिजे.

जाण्याआधी पैशांचा कागद करून घ्या. मालकाने रजा द्यावीच लागते, पण पगार द्यावाच असं बंधन नाही. पगार कापला जाणार असेल तर नोकरीच्या ठिकाणाहून उत्पन्नाच्या नुकसानीचा दाखला भरून सही घ्यायची. २०२३ मध्ये दर असे होते: पहिल्या १० दिवसांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ६४.९५ पौंड, आणि त्या दिवशी ४ तास किंवा त्याहून कमी वेळ गेला तर ३२.४७. जेवणाचे ५.७१ पौंड. प्रवासाचा खर्च वेगळा, मला बसचे जाऊन-येऊन ४ पौंड लागायचे. ज्यांचा पगार याहून बराच जास्त आहे आणि मालक फरक भरून देत नाही, त्यांना पदरचे पैसे जातात. ही व्यवस्थेतली खरी उणीव आहे आणि ती आधी ठाऊक असलेली बरी.

सोमवारी, ११ तारखेला, सव्वानऊला पोचले. विमानतळासारखी झडती, ओळखपत्र, मग ज्यूरीच्या मोठ्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. एक फिल्म दाखवली, एक छापील सूचनापत्र हातात दिलं: इंटरनेटवर खटल्याबद्दल काही शोधायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, सोशल मीडियावर काही लिहायचं नाही. ती केवळ विनंती नाही. स्वतः शोध घेणं हा २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्याआधीही २०११ मध्ये एका ज्यूररने फेसबुकवर आरोपीशी संपर्क साधला म्हणून तिला आठ महिन्यांची कैद झाली होती. व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ‘आज कोर्टात काय झालं’ असं कोणी विचारलं, तर ‘नंतर सांगते’ एवढंच लिहायचं.

मग वाट पाहायची. पुस्तक, पाण्याची बाटली, डबा आणि एक जास्तीचा स्वेटर, एवढं जवळ असू द्या. कोर्टाच्या खोल्या थंड असतात. दुपारी दोनला आमच्यातल्या सोळा जणांना एका खोलीत नेलं. तिथे आरोपी, साक्षीदार आणि घटनास्थळ यांची नावं वाचून दाखवतात आणि कोणी ओळखीचं आहे का विचारतात. शंका असली तरी तेव्हाच हात वर करायचा. या टप्प्यावर एखाद्याला बाजूला करणं दोन मिनिटांचं काम असतं, तीच गोष्ट तीन दिवसांनी कळली तर अख्खा खटला कोसळू शकतो. मोठ्या खटल्यात तर सुरुवातीला बाराऐवजी चौदा ज्यूरर घेता येतात. सरकारी पक्षाचं प्रास्ताविक होईपर्यंत कोणी गळालं नाही, तर जास्तीच्या दोघांना परत पाठवतात. आमचा खटला पाच दिवसांचा, त्यामुळे बाराच.

चिठ्ठ्यांनी नावं पुकारली. शपथ प्रत्येकाची वेगळी. अशर, म्हणजे काळा गाउन घातलेली कोर्टाची कर्मचारी, हळूच विचारते की कोणता ग्रंथ हवा. भगवद्गीता मिळते. ग्रंथ नको असेल तर नुसती गंभीर प्रतिज्ञा करता येते, तिचं वजन तेवढंच. हातात एक कार्ड देतात आणि ते मोठ्याने वाचायचं: आरोपीचा खटला मी निष्ठेने पाहीन आणि पुराव्यानुसार खरा निर्णय देईन. वाक्य एका ओळीचं आहे, पण आरोपी काचेपलीकडून तुमच्याकडे बघत असतो. माझा आवाज पहिल्या दोन शब्दांना फुटलाच नाही. अशरने काही घाई केली नाही.

मंगळवारी पुरावा सुरू झाला. दोघांत मिळून कागदांची एक फाइल, टॅब लावलेली, आणि प्रत्येकाला वही-पेन. वही घरी न्यायची नसते. प्रश्न असेल तर मध्येच विचारायचा नाही. कागदावर लिहून अशरकडे द्यायचा, ती न्यायाधीशांना देते, ते दोन्ही बाजूंच्या वकिलांना दाखवतात, मग उत्तर मिळतं किंवा ‘हे विचारता येणार नाही’ असं सांगतात. कोर्ट साधारण साडेदहा ते एक आणि दोन ते सव्वाचार. ऐकताना वेळ लवकर जातो.

बुधवारी सकाळी आम्ही अकराच होतो. एक ज्यूरर रात्रीपासून आजारी होता, त्याने सकाळी ज्यूरी ऑफिसला फोन केला होता. बरोबर पद्धत तीच: समन्ससोबत दिलेल्या नंबरवर, शक्य तितक्या लवकर, आणि किती दिवस लागतील याचा खरा अंदाज सांगून. तेवढ्यावरच न्यायाधीशांना ठरवावं लागतं. एका दिवसात माणूस बरा होणार असेल तर खटला दिवसभर तहकूब करतात, आठवडा लागणार असेल तर त्याला मोकळं करून उरलेल्यांना घेऊन पुढे जातात. आम्हाला पावणेबाराला घरी पाठवलं. गुरुवारी तो आला नाही. वकिलांचं म्हणणं आमच्या गैरहजेरीत ऐकून झालं, मग आम्हाला बोलावून सांगितलं की त्याला ज्यूरीतून मोकळं केलं आहे आणि आपण अकरा जण पुढे चालू.

त्याच्या जागी नवीन माणूस का घेत नाहीत? कारण त्याने आधीचा पुरावा ऐकलेलाच नसतो. पहिल्याच तासात असं झालं, तर कधी कधी सगळ्यांना मोकळं करून नवी ज्यूरी बसवणं सोपं पडतं. पुरावा सुरू झाल्यावर मात्र संख्या कमी होत जाते, भरून निघत नाही. कायद्याने ९ पर्यंत खाली आलं तरी चालतं, आठ झाले की संपलं. संख्या घटते तशी बहुमताची सूटही आवळत जाते. बारा जणांत १० विरुद्ध २ पर्यंत निर्णय घेता येतो, अकरात १० विरुद्ध १, दहात ९ विरुद्ध १, आणि नऊच उरले तर एकमतच लागतं. शिवाय बहुमताची मुभा पहिल्यापासून नसते, आधी एकमताचा प्रयत्न करायला किमान दोन तास द्यावेच लागतात. हे समजलं तेव्हा मला लोकमान्यांचा खटला आठवला. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात ज्यूरी नऊच जणांची होती आणि टिळकांना ७ विरुद्ध २ अशा बहुमताने दोषी ठरवून सहा वर्षांची शिक्षा झाली. आजच्या इंग्लंडात नऊ जणांपैकी एकाने जरी नकार दिला असता, तरी दोषी हा निर्णय होऊ शकला नसता.

गुरुवारी दुपारी दुसरा साक्षीदार उभा होता. उलटतपासणी शांतपणे चालली होती, रस्त्यावर उजेड किती होता, तुम्ही किती अंतरावर होता, असे प्रश्न. एका प्रश्नाचं उत्तर देता देता तो म्हणाला, ‘तो जेलमधून सुटून आल्यापासून असाच आहे.’

बचाव पक्षाच्या बॅरिस्टरबाई प्रश्न अर्धवट सोडून थांबल्या. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. आरोपीने मान खाली घातली. मग बाई म्हणाल्या, एक कायद्याचा मुद्दा उपस्थित झाला आहे, आणि न्यायाधीश आमच्याकडे वळून म्हणाले की ज्यूरीने जरा बाहेर जावं. घड्याळात दोन पन्नास झाले होते.

बाहेर बसलेल्या ज्यूररला आत काय चाललं आहे हे कोणी सांगत नाही. ती वाट पाहणं सगळ्यांत जड जातं. आपल्या हातून काही चूक झाली का, असं उगाच वाटत राहतं. म्हणून तिथे काय होतं ते लिहिते. आरोपीचा पूर्वेतिहास ज्यूरीसमोर आणायचा तर त्यासाठी ठरलेले नियम आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. साक्षीदाराच्या तोंडून तो असा अचानक बाहेर पडला, की बचाव पक्ष ज्यूरी बरखास्त करण्याचा अर्ज करू शकतो, तोंडीच, तिथल्या तिथे. न्यायाधीशांपुढे मुख्य वाटा दोन. ज्यूरीला ‘हे वाक्य विसरा, निर्णयात धरू नका’ असं स्पष्ट सांगून पुढे जायचं, किंवा ज्यूरी बरखास्त करून खटला पुन्हा नव्याने घ्यायचा. बरखास्ती ही सहज मिळणारी गोष्ट नाही, तशी ठोस गरज दिसावी लागते. बोललेलं किती घातक आहे, खटल्यातल्या मूळ प्रश्नाला ते किती भिडतं, मुद्दाम बोललं गेलं की चुकून, खटला कुठपर्यंत आला आहे, सूचना देऊन परिणाम पुसता येईल का, हे सगळं तोलावं लागतं. दुसऱ्या पारड्यात फिर्यादीला पुन्हा उभं राहावं लागणार आणि नवी तारीख लांब पडणार हेही असतं. त्या वेळी क्राउन कोर्टांत ६० हजारांहून अधिक खटले तुंबलेले होते.

चार वाजून गेल्यावर अशर आली आणि उद्या साडेदहाला या म्हणाली. त्या रात्री झोप नीट लागली नाही. एवढं मोठं वाक्य आपण ऐकलेलं आहे आणि त्याबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही, हे कठीण जातं. नवऱ्याने एकदाच विचारलं, मी मान हलवली, त्याने पुन्हा विचारलं नाही.

शुक्रवारी सव्वाबाराला आम्हाला आत बोलावलं. न्यायाधीशांनी दोन मिनिटांत सांगितलं. काल एका साक्षीदाराने तुम्ही ऐकायला नको होतं असं काही सांगितलं, ते या खटल्यातल्या वादाच्या प्रश्नाला इतकं लागून आहे की तुम्हाला ‘विसरा’ म्हणणं तुमच्यावरही अन्याय होईल आणि आरोपीवरही. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल काही शंका नाही. ज्यूरी बरखास्त, खटला तहकूब, नवी तारीख ठरेल, आणि तोवर याबद्दल कोणाशी बोलू नका. संपलं. पाच मिनिटांपूर्वी ज्या फाइलवर आमच्या खुणा होत्या त्या अशर गोळा करत होती.

मनात आलं ते सांगते. मला सर्वांत जास्त वाईट फिर्यादीचं वाटलं. मंगळवारी अर्धा दिवस पिंजऱ्यात उभं राहून तिने जे सांगितलं, ते तिला आता सगळं पुन्हा सांगायचं होतं. आरोपीच्या डोक्यावरची टांगती तलवारही तशीच राहिली. ज्यूरी बरखास्त झाली म्हणजे तो सुटला, असं गॅलरीतल्या एका नातेवाइकाला वाटलं आणि तो उठून उभा राहिला. तसं नसतं. बरखास्तीनंतर आरोपी निर्दोष ठरत नाही, दोषीही ठरत नाही, खटला पहिल्यापासून नव्या बारा जणांपुढे चालतो. हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच निकाली निघाला आहे. १८६५ मध्ये एक्सेटरला शार्लट विन्सर या बाईच्या खटल्यात ज्यूरीचं एकमत होईना, शनिवारची मध्यरात्र आली, रविवारी कोर्ट चालवायचं नाही म्हणून न्यायाधीशांनी ज्यूरी सोडली. पुढे तिला पुन्हा उभं केलं आणि वरच्या न्यायालयाने १८६६ मध्ये ते वैध ठरवलं. तरीही, झालं ते बरोबर झालं असंच मला वाटतं. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं असतं, असं मी शपथेवर सांगू शकले नसते.

ज्यूरी बरखास्त झाली तरी ड्यूटी संपत नाही. तुम्ही परत मोठ्या हॉलमध्ये येता. सोमवारी, १८ तारखेला, मला दुसऱ्या खटल्याच्या गटात घेतलं आणि अकरापर्यंत दाराबाहेर उभं केलं. शपथ झालीच नाही. आरोपीचा दुभाषी आलेला नव्हता, खटला तहकूब झाला, आम्हाला परत पाठवलं. शपथेआधीच्या अशा तहकुबीत ज्यूरीला कारण सांगायलाच पाहिजे असं नाही, आम्हाला अशरने आपणहून सांगितलं. खटला सुरू झाल्यावर तुमचीच अडचण असेल, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, मुलाला शाळेतून आणणं, तर तीही चिठ्ठीवर लिहून द्यायची. न्यायाधीश अर्धा तास उशिरा सुरू करतात किंवा लवकर उठतात. आयत्या वेळी दारात सांगितलेली अडचण मात्र सगळ्यांना अडकवते.

मंगळवारी गणपती. पहाटे साडेपाचला उठून प्रतिष्ठापना केली, नैवेद्याचे मोदक आदल्या रात्री उकडून ठेवले होते, आरती झाली आणि साडेआठची बस पकडली. हॉलमध्ये बसून राहिले. कोणत्याही गटात नाव आलं नाही आणि बाराला घरी सोडलं. बुधवारी पुन्हा हजेरी, पुन्हा वाट पाहणं. गुरुवारी, २१ तारखेला, दुपारी ज्यूरी ऑफिसरने आमच्यातल्या बऱ्याच जणांची ड्यूटी संपल्याचं जाहीर केलं.

खर्चाचा फॉर्म त्याच आठवड्यात भरा. मुदत १२ महिन्यांची आहे, पण अर्ध्या दिवसांचे तास नंतर आठवत नाहीत. मी रोज आल्याची आणि सुटल्याची वेळ डायरीत लिहीत होते, त्यामुळे कोणत्या दिवशी पूर्ण दर आणि कोणत्या दिवशी अर्धा, हे मालकाच्या दाखल्याशी बरोबर जुळलं. बसची तिकिटं जपून ठेवली होती. पैसे साधारण दहा कामाच्या दिवसांत खात्यावर आले.

ड्यूटी पूर्ण केल्याचं पत्र टाकून देऊ नका. पुढच्या दोन वर्षांत पुन्हा समन्स आलं तर ते दाखवून सूट मागता येते, हा हक्क आहे. मधली ज्यूरी बरखास्त झाली असली तरी केलेली सेवा मोजली जाते. माझं पत्र पासपोर्टच्या फाइलमध्ये आहे, पहिल्या समन्ससोबत टाचलेलं.